गोळा

रबाळ्यात, पाइपलाइनीला लागून
बाळाराम मढवींचा गाळा. पाटीवर एवढंच:
‘येथे गोळ्याची कामे होतील.’
जीप घोडीवर, मागचं धूड अधांतरी.
चौऱ्याऐंशीची. पाटबंधारे खात्याच्या लिलावातली.
दाराच्या हिरव्या रंगाखालून
‘बंधारे’ तेवढं अजून वाचता येतं.

प्लग सुटला, तसं नव्वद नंबरचं तेल
संथ, काळंभोर, घमेल्यात उतरलं.
करपल्या लसणीचा वास.
तौसीफनं बोट बुडवलं, चिमटीत चोळलं,
‘चुरा नाही’ म्हणाला,
पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं:
चारही चाकं ओढतात ना,
मग खदानीत एक हवेत गेलं
की दुसरं का मरतं?
मढवींनी विडी कानावरच ठेवली.
‘गोल्याचा सभावच हाय तो.
जा चाक हवंन फिरतंय, त्यालाच सगला द्यायचा.
जमिनीव उबा हाय, त्याला घंटा.’
आणि फरशीकडे बघत राहिले जरा वेळ.
या फरशीखाली त्यांच्या आज्याचं भाताचं खाचर.
हे ते बोलले नाहीत.
तौसीफ बोलला, नंतर, चहाला.

एक्सल ओढून काढले.
बेअरिंगच्या टोप्यांवर पंचनं खुणा:
डावीवर एक ठिपका, उजवीवर दोन.
अदलाबदल झाली तर जन्मभर कण्हेल.
पिन ठोकून बाहेर. मागोमाग स्पायडर, सन,
छत्तीस वर्षांची झीज दातांवर, चांदीसारखी.
त्यांच्या जागी नवा लॉकर:
दातेरी चकत्यांची जोडी, चार पिना,
आणि स्प्रिंगा, उदबत्तीच्या काडीएवढ्या जाड.

त्यातली एक उडाली.
चुंबक फिरवलं, गटाराची जाळी उचलली,
घमेल्यातलं तेल गाळलं माझ्या बनियनमधून.
दीड तास तीन माणसं गुडघ्यांवर.
सापडली तौसीफच्या दुमडलेल्या पँटीत.
कुणी हसलं नाही.
मढवींनी तेवढी विडी पेटवली.

मग मी डावं चाक धरून बसलो
आणि तौसीफनं उजवं उलटं फिरवलं.
कट्. कट्. कट्.
वायर नाही, बटण नाही, हवेची नळी नाही.
सरळ रस्त्याला दोघं एकजीव;
वळणावर बाहेरच्याला लांबचं जायचं असतं,
तर त्याला तेवढ्यापुरतं सोडायचं.
‘पण केव्हा सोडायचं हे ठरवतं कोण?’
‘रस्ता,’ मढवी म्हणाले, आणि हात पुसायला गेले.
तिकडूनच ओरडले:
‘वलनाव पाय उचलाचा! दाबून धरलास
त सोडनार नाय, शेपूट मारंल!
टायर पन खाईल, आताच सांगतंय!’

पारसिकच्या बंद खदानीत, तोच दगड, तोच तिरपा चढ.
डावं मागचं चाक उचललं गेलं.
मी सवयीनं वाट पाहिली त्या भिरभिरण्याची,
जळक्या क्लचची, उतरून दगड लावण्याची.
दोन्ही चाकं सारखीच फिरली, सावकाश.
उजव्यानं खडीत नखं रोवली.
जीप वर.
वर काहीच नव्हतं खरं तर:
फुटकी बाटली, बोरीचं झुडूप,
खाली ऐरोलीच्या टाक्या, खाडी.
इंजिन बंद करून उगाच बसलो.

रात्री सोसायटीच्या रॅम्पवरून वळताना
पाय उचलला.
कट्. कट्. कट्.
वॉचमन सोनकांबळे खुर्चीतून उठलेच.
‘साहेब, मागं काहीतरी तुटतंय.’
‘तुटत नाही,’ म्हटलं. ‘सोडतंय.’
त्यांनी वाकून चाकाखाली टॉर्च मारला.
विश्वास बसला नसावा. रजिस्टरात वेळ लिहिली,
अकरा चाळीस,
आणि पुढच्या रकान्यात काहीतरी,
जे मला उलटं वाचता आलं नाही.